शेवटच्या माणसाची वेळ

शाळेच्या अंकासाठी काहीतरी लिहून पाठव, असं सरांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी जिंकलेल्या एखाद्या स्पर्धेबद्दल लिहीन अशी त्यांची अपेक्षा असणार. मराठी पानावर माजी विद्यार्थी बहुतेक तेच लिहितात. मीही कॅडेट असताना तेच वाचत आलो. पण ज्या शर्यतीबद्दल सांगण्यासारखं माझ्यापाशी काही आहे, ती शर्यत आम्ही पूर्णसुद्धा केली नाही. निकालाच्या कागदावर आमच्या संघापुढे वेळ नाही, ‘डीएनएफ’ अशी तीन अक्षरं आहेत. म्हणजे सुरुवात केली, शेवट केला नाही. त्या तीन अक्षरांना मीच जबाबदार होतो. ते कसं, हे सांगायला हा लेख.

बारावीनंतर मी शिकायला जयपूरला आलो. दुर्गापुऱ्यात एका घराच्या गच्चीवरची खोली भाड्यानं मिळाली. दुर्गापुरा म्हणजे टोंक रोडच्या कडेची वस्ती. जयपूरहून सवाई माधोपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं स्टेशन एका बाजूला, आणि शहर चहूबाजूंनी वाढलं तरी अजून टिकून असलेली कृषी संशोधन संस्थेची शेतं दुसऱ्या बाजूला. या शेतांत गहू आणि जव यांच्या जातींवर वर्षानुवर्षं काम चाललेलं आहे. मला मात्र ती शेतं वेगळ्याच कारणानं ओळखीची झाली. पहाटे धावताना त्यांच्या कडेला आलो की थंडी एकदम दोन पायऱ्या खाली उतरल्यासारखी वाटायची. वस्तीतल्या भिंती आणि रस्ते दिवसभराची ऊब थोडी धरून ठेवतात, उघडं रान ती आभाळाला देऊन टाकतं. हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलं होतं, कानांच्या पाळ्यांना कळलं ते इथे.

आपल्याकडे थंडी म्हणजे शेकोटी, हुरडा आणि गॅदरिंगला घालायचा स्वेटर. शाळेत पहाटेच्या पीटीला हाफपँटमध्ये कुडकुडलो होतो, पण साडेसातला ऊन आलं की संपलं. जयपूरची जानेवारीतली थंडी तशी नाही. ती कोरडी असते, पाच-सहा अंशांवर उतरते, आणि धुकं पडलं तर दुपारपर्यंत हलत नाही. आमच्या घरमालकीणबाई, सगळे त्यांना माताजी म्हणतात, पहिल्याच हिवाळ्यात माझ्या अंगावरचा पातळ स्वेटर चिमटीत धरून म्हणाल्या होत्या, ‘‘बेटा, ये तो दक्खन का स्वेटर है।’’ त्या संध्याकाळी त्यांनी एक जाडजूड रजई वर पाठवून दिली.

आमच्या कॉलेजात मुलांना नावानं कमी आणि गावानं जास्त हाक मारतात. मी ‘सांगली’. आमच्या संघात आणखी तिघं: ‘झुंझुनू’, ‘कोट्टायम’ आणि ‘चौमूं’. झुंझुनू हा अशा जिल्ह्यातला, जिथे घराघरातला कुणीतरी फौजेत असतो. त्याचे वडील निवृत्त सुभेदार. चौमूं जयपूरच्या उत्तरेकडच्या गावातला, सायकल चालवण्यात आमच्यातला सर्वांत तयार, कारण दहावीपर्यंत तो दूध घालायला सायकलवरच जायचा. आणि कोट्टायम सडपातळ, उंच, अबोल. पळायला लागला की पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटायचं. त्याच्या जोरावरच मी शर्यतीत नाव द्यायचं ठरवलं.

शर्यत होती डुएथलॉनची. ट्रायथलॉनमध्ये पोहणं, सायकल आणि धावणं असतं. डुएथलॉनमध्ये पोहण्याऐवजी पुन्हा धावणंच: आधी धावा, मग सायकल, मग परत धावा. पूर्ण अंतर १०, ४० आणि ५ किलोमीटर असतं. आमची शर्यत त्याच्या निम्मी: ५ किलोमीटर धावणं, २० किलोमीटर सायकल, शेवटी अडीच किलोमीटर धावणं. ऐकायला सोपं वाटतं. सायकलवरून उतरून पळायला लागल्यावर पहिली तीन-चार मिनिटं आपले पाय दुसऱ्या कुणाचे तरी आहेत असं वाटतं, तेव्हा ते किती सोपं आहे हे समजतं.

संघांसाठी एक खास नियम होता. चौघांनी एकदम सुटायचं, आणि चौघांतला शेवटचा ज्या क्षणी रेषा ओलांडेल ती संघाची वेळ. पहिला किती लवकर आला याला किंमत नाही. हा नियम नवा नाही. १९२४ साली फ्रान्समधल्या शामोनीला पहिली हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा झाली, तिच्यात ‘मिलिटरी पेट्रोल’ नावाचा प्रकार होता. चार सैनिकांची तुकडी, पाठीवर ओझी, पायांत स्की, वाटेत नेमबाजी, आणि चौघांनी मिळून शेवट गाठायचा. आजच्या बायथलॉनचं मूळ त्यात आहे. सहा देशांच्या तुकड्या उतरल्या होत्या. स्वित्झर्लंड पहिला आला, इटली आणि पोलंड यांच्या तुकड्या शेवटापर्यंत पोहोचल्याच नाहीत. मी हे सगळं वाचून ठेवलं होतं आणि संघाला मोठ्या तोऱ्यात सांगितलंही होतं. वाचलेलं सांगणं आणि कळणं यांत किती अंतर असतं ते तेव्हा माहीत नव्हतं.

दीड महिना आम्ही तयारी केली. पहाटे साडेपाचला स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीपाशी जमायचं, शेतांच्या कडेनं जवाहर सर्कलपर्यंत जायचं, तिथल्या बागेभोवती फेऱ्या मारायच्या आणि परत यायचं. रविवारी टोंक रोडवर सायकल. मी कप्तान होतो. लष्करी शाळेतून आलेला म्हणून तिघांनी मला आपणहून कप्तान केलं, आणि मीही ते पद अगदी हक्काचं असल्यासारखं घेतलं. उशिरा येणाऱ्याला दहा पुश-अप्स. कुरकुर केली तर वीस. आपल्या उस्तादांचा आवाज मला चांगला काढता येतो, तो मी रोज काढायचो.

एकदा पहाटे शेताच्या बांधावर एक म्हातारे बाबा पाण्याची दारं फिरवताना दिसले. एवढ्या थंडीत पाणी कशाला, मी विचारलं. ते म्हणाले, आज पाला पडेल असं वाटतंय. पाला म्हणजे दव गोठून पिकावर पडतं ते. त्यानं मोहरीच्या शेंगा आणि भाजीपाला एका रात्रीत करपून जातो. त्यावर उपाय म्हणजे संध्याकाळी-रात्री हलकं पाणी द्यायचं आणि शेताच्या कडेला, वारा येतो त्या बाजूला, काडीकचरा पेटवून धूर करायचा. ओली जमीन कोरडीपेक्षा ऊब जास्त धरून ठेवते. मी कौतुकानं ऐकलं. ‘‘और आदमी?’’ मी गमतीनं विचारलं. बाबा हसले. ‘‘आदमी उल्टा है। आदमी को सूखा रखो।’’ माणसाचं उलटं आहे, त्याला कोरडं ठेवावं लागतं. तेवढं बोलून ते पुढच्या वाफ्याकडे गेले आणि मी माझ्या फेरीला लागलो. ते वाक्य तिथेच बांधावर राहिलं.

शर्यत संक्रांतीच्या आधीच्या रविवारी होती. जयपूरची संक्रांत म्हणजे पतंग. आठवडाभर आधीपासून गच्च्यांवर मुलं असतात, दुकानांत फीणी आणि तिळाची गजक रचलेली असते, आणि दुचाकीवाले गळ्याभोवती मफलर गुंडाळून फिरतात, कारण रस्त्यावर आडवा आलेला मांजा गळा कापू शकतो. आम्हीही सायकलसाठी मफलर घ्यायचं ठरवलं होतं. मफलरवरून चौमूंनं मला चिडवलं, ‘‘मराठों को ठंड बहुत लगती है क्या?’’ मी त्याला पानिपताचा इतिहास सांगितला. १४ जानेवारी १७६१, संक्रांतीच्याच दिवसांत, उपाशीपोटी आणि उत्तरेच्या थंडीत आपलं सैन्य कसं लढलं ते. म्हणूनच आमच्याकडे ‘संक्रांत कोसळली’ असं म्हणतात, हेही ऐकवलं. तो गंभीर झाला आणि मला बरं वाटलं. अंगावर पुरेसे गरम कपडे नसलेल्या माणसांची गोष्ट मी त्याला सांगत होतो, आणि त्यातून स्वतः काही घेत नव्हतो.

आदल्या रात्री मावठ पडली. राजस्थानात हिवाळ्यातल्या पावसाला मावठ म्हणतात. गव्हाला तो पाऊस सोन्यासारखा, म्हणून माताजी खूश होत्या. सकाळी पाऊस थांबला होता, पण रस्ता काळाभोर ओला होता, आणि फोनवर तापमान दिसत होतं ५ अंश.

सुटायच्या रेषेजवळ इतर संघ जॅकेटं, हातमोजे, कानटोप्या घालून उड्या मारत होते. मी आमच्या चौघांना गोळा करून हुकूम दिला. जॅकेटं काढा. हातमोजे नकोत. धावताना पाच मिनिटांत अंग तापतं, मग ती काढण्यात ट्रान्झिशनमध्ये वेळ जातो. कॉलेजच्या नावाचे सुती टी-शर्ट, हाफपँट आणि गळ्याला मफलर, बस. कोट्टायम म्हणाला, ‘‘सांगली, मला सायकलवर थंडी वाजेल.’’ तो फार कमी बोलायचा, म्हणून खरं तर ते ऐकायला हवं होतं. मी म्हणालो, ‘‘थंडी डोक्यात असते.’’ हे वाक्य मी शाळेत शंभर वेळा ऐकलं होतं. तिघांनी जॅकेटं काढून पिशवीत ठेवली.

पहिले पाच किलोमीटर आम्ही झकास धावलो. अंग खरंच तापलं. कोट्टायम सर्वांत पुढे होता, त्याला मागे ओढावं लागत होतं. ट्रान्झिशनला आम्ही तिसरे होतो. पहिल्या दोन संघांत आणि आमच्यात एका मिनिटाचंही अंतर नव्हतं. घामानं टी-शर्ट पाठीला चिकटलेले. तेव्हा मला त्यात फक्त मेहनत दिसली.

मग सायकल. टोंक रोडनं दक्षिणेकडे सांगानेरच्या पुढे जायचं आणि वळून त्याच रस्त्यानं परत. ओल्या रस्त्यावर पुढच्याच्या चाकाचं पाणी मागच्याच्या तोंडावर आणि छातीवर उडत होतं. वारा वाचवायला आम्ही एकामागोमाग एक चाललो होतो, आणि सर्वांत मागे कोट्टायम. म्हणजे सर्वांत जास्त पाणी त्याच्याच अंगावर.

थोडं गणित सांगतो, कारण ते मला शर्यतीनंतर कळलं आणि तुम्हाला आधी कळलेलं बरं. तापमान ५ अंश असताना ताशी ३० किलोमीटर वेगानं सायकल चालवली, तर उघड्या त्वचेला जवळजवळ शून्य अंशाइतकी थंडी लागते. त्यात कपडे ओले असले तर आणखी वाईट. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट लवकर ओढून नेतं. सुती कापड ओलं झालं की ते अंगाशी चिकटून हेच काम करत राहतं. शरीर शहाणं असतं, ते हातापायांचं रक्त आत, हृदयाकडे वळवतं. म्हणून बोटं आधी बधिर होतात. तरीही नाही भागलं आणि आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं, की मेंदू मंदावतो. आणि मंदावलेल्या मेंदूला आपण मंदावलो आहोत हे कळत नाही.

वळणाच्या जागी कोट्टायम मागे पडला. वीस मीटर, मग पन्नास. मी मागे वळून ओरडलो. तो जवळ आला, परत मागे पडला. गिअर बदलत नव्हता, जड गिअरवरच तसाच रेटत होता. मला वाटलं, आळस. दोन संघ आम्हाला मागे टाकून गेले. मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानं उत्तर दिलं नाही. चौमूं म्हणाला, ‘‘सांगली, वेग थोडा कमी करू.’’ मी म्हणालो, ‘‘कमी केला तर तो आणखी कमी करेल.’’

परतीच्या ट्रान्झिशनला नियम असा की सायकल जागेवर लावल्याशिवाय हेल्मेटची क्लिप सोडायची नाही. आम्ही तिघांनी सायकली लावल्या, हेल्मेटं काढली. कोट्टायम सायकल लावून उभा होता, हनुवटीखाली दोन्ही हात, आणि क्लिप निघत नव्हती. बोटं हलत होती, पण पकडत नव्हती. मी धावत गेलो आणि ओरडलो, ‘‘अरे, काय करतोयस? घड्याळ चाललंय!’’ तो माझ्याकडे बघून काहीतरी बोलला. मला एक अक्षर समजलं नाही. तो मल्याळममध्ये बोलत होता.

वर्षभरात तो आमच्याशी कधी मल्याळममध्ये बोलला नव्हता.

मी काय केलं ते खरं सांगतो. मी त्याची क्लिप काढली आणि विचारलं, ‘‘पळशील ना? अडीचच किलोमीटर.’’ त्यानं मान हलवली. मी ती मान होकारार्थी धरली आणि निघालो. मनात हिशेब चालू होता: आता पाचवे आहोत, अडीच किलोमीटरमध्ये कोट्टायम सावरला तर चौथे.

तीनशे मीटर गेलो असू. झुंझुनू एकाएकी थांबला. माझा दंड धरून म्हणाला, ‘‘रुक। उसको देख।’’ मी पाहिलं. कोट्टायमचे पाय एकमेकांत अडकत होते. ओठ निळसर. पण झुंझुनू दाखवत होता ते वेगळंच होतं. ‘‘अब काँप नहीं रहा है।’’ सायकलवर तो थरथरत होता. आता थरथर थांबली होती, आणि मला ती सुधारणा वाटली होती. झुंझुनूचे वडील सियाचिनला राहून आलेले. १९८४च्या एप्रिलमध्ये ऑपरेशन मेघदूत झालं तेव्हापासून आपले जवान तिथे आहेत, आणि तिथे गोळीपेक्षा थंडीनं आणि डोंगरानं जास्त माणसं नेली आहेत, हे तुम्ही वर्गात ऐकलेलं असेल. तिथे माणूस एकटा वावरत नाही. जोडीदार असतो, आणि जोडीदाराचं एक काम म्हणजे दुसऱ्याचा चेहरा बघत राहणं, कारण आपल्या नाकाला हिमदंश होतोय हे आपल्याला दिसत नाही. झुंझुनूच्या घरात ही जेवताना बोलायची गोष्ट होती. माझ्या घरात नव्हती, पण माझ्या शाळेत होती, हे विसरता येत नाही.

‘‘शर्यत संपली,’’ झुंझुनू म्हणाला. कप्तान मी होतो, पण ते वाक्य त्याला म्हणावं लागलं.

त्यानंतरचं भराभर घडलं. रस्त्याच्या कडेला चहाची टपरी होती. चौमूं शर्यतीच्या स्वयंसेवकांना बोलवायला पळाला. झुंझुनूनं कोट्टायमचा ओला टी-शर्ट काढला, टपरीवाल्या काकांनी स्वतःच्या खांद्यावरची घोंगडी दिली, आत वर्तमानपत्राची पानं गुंडाळली, मी त्याला पाठीमागून मिठी मारून बसलो. काका त्याचे हातपाय जोरजोरात चोळायला लागले. आपल्याकडेही तसंच करतात. इतक्यात डॉक्टर आल्या आणि त्यांनी चोळणं थांबवलं. गारठलेल्या माणसाचे हातपाय चोळायचे नाहीत; कोरडं करायचं, झाकायचं, वाऱ्यापासून दूर न्यायचं, आणि नीट शुद्धीत असेल, गिळता येत असेल, तरच कोमट गोड काहीतरी घोट घोट द्यायचं. रुग्णवाहिका आली. वीस मिनिटांनी कोट्टायम परत थरथरायला लागला आणि डॉक्टर म्हणाल्या, ‘‘अब ठीक है।’’ थरथर बघून एवढा आनंद मला आयुष्यात झालेला नाही.

दुपारी त्याला दवाखान्यातून सोडलं. पण त्याआधी एक काम होतं. त्याच्या घरी फोन कुणी करायचा? तिघांनी माझ्याकडे पाहिलं. पुश-अप्स काढायला लावणारा कप्तान मीच होतो. कोट्टायमच्या आईला हिंदी येत नाही, मला मल्याळम येत नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सांगितलं की तो आता बरा आहे, थंडी बाधली, चूक माझी होती, जॅकेट मी काढायला लावलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, आता त्या बोलतील ते ऐकून घ्यायचं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘तो काही खाल्लाय का?’’ मग थोड्या वेळानं, ‘‘आणि तू?’’

मी खोलीवर गेलो आणि माझ्या आईला फोन केला. सगळं ऐकून आई म्हणाली, ‘‘अरे, स्वेटर घालून पळायचं की!’’ त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं, आणि लगेच रडूही.

त्या रात्री रजईत मला शाळेतलं एक क्रॉस-कंट्री आठवलं. आठवीत होतो. आंतर-हाउस स्पर्धा, आणि हाउसमधल्या प्रत्येकाचे गुण धरले जायचे. डोंगराच्या वळणावर माझ्या पोटात कळ आली आणि मी खाली बसलो. आमचे हाउस कॅप्टन बारावीतले, ते केव्हाच पुढे गेलेले. थोड्या वेळानं ते उलट्या दिशेनं पळत आले. शिव्यांचा भडिमार करतच आले. पण मनगट धरून त्यांनी मला उठवलं, स्वतःची बाटली तोंडाला लावली, आणि शेवटचं दीड किलोमीटर माझ्या वेगानं, माझ्या शेजारी चालत-पळत आले. त्यांचा स्वतःचा क्रमांक गेला. आमचं हाउस त्या वर्षी शेवटून पहिलं आलं, आणि तरी संध्याकाळी मेसमध्ये त्यांनी मला काहीही बोलून दाखवलं नाही.

इतकी वर्षं ही आठवण मी ‘आमचे कॅप्टन किती कडक होते’ म्हणून सांगत आलो होतो. त्या रात्री लक्षात आलं, त्यांनी मला शिव्याही दिल्या आणि हातही दिला. मी शाळेतून बाहेर पडताना फक्त शिव्या बरोबर आणल्या.

दुसऱ्या दिवशी संघाची बैठक माझ्या गच्चीवर झाली. मी कप्तानपद सोडतो म्हणालो. झुंझुनू म्हणाला, सोडून पळायचं नाही, चूक दुरुस्त करायची. कोट्टायम काही म्हणाला नाही. निघताना मात्र जिन्यात थांबून म्हणाला, ‘‘मी तुला सांगितलं होतं.’’ रागानं नाही, साधंच. मी ‘हो’ म्हणालो. याहून मोठी माफी मला सुचली नाही आणि त्याला नको होती. मग ठरलं की पुढच्या वर्षी पुन्हा उतरायचं, आणि कप्तान कोट्टायम.

या वर्षभरात आम्ही काय बदललं ते कॅडेट दोस्तांसाठी थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यातले काहीजण उद्या याहून कितीतरी थंड जागी जातील. सुती कपडे हद्दपार केले, घाम न धरणारे पातळ कपडे एकावर एक घालायला लागलो. ट्रान्झिशनच्या पिशवीत प्रत्येकाचा एक कोरडा बनियन, एक वारा अडवणारं जाकीट, लोकरीचे हातमोजे. बनियन बदलायला चाळीस सेकंद लागतात, हे आम्ही घड्याळ लावून मोजलं. चाळीस सेकंदांसाठी मी एका मुलाला पणाला लावलं होतं. सायकलवर छातीशी कपड्याच्या आत वर्तमानपत्राची घडी घालायची, ही सायकलवाल्यांची जुनी युक्ती आहे, फुकटची आणि नामी. आणि सर्वांत महत्त्वाचं, जोड्या केल्या. माझा जोडीदार कोट्टायम. दर पाच किलोमीटरला एकानं दुसऱ्याला प्रश्न विचारायचा, साधाच, आणि दुसऱ्यानं तो सरळ, स्पष्ट, हिंदीत उत्तर द्यायचा. पाय अडखळतात का, बोलणं पुटपुटल्यासारखं होतंय का, हातातून वस्तू निसटतात का, माणूस उगाच चिडतोय का, हे चार बघायचे. चारांतलं एक जरी दिसलं तरी संपूर्ण संघ थांबणार. मान हलवणं हे उत्तर धरायचं नाही.

यंदा संक्रांतीच्या आधी आम्ही पुन्हा त्याच रेषेवर उभे राहिलो. मावठ नव्हती, पण धुकं होतं, आणि थंडी तेवढीच. मला कप्तानाच्या मागे उभं राहायला बरं वाटत होतं. पाच किलोमीटर धावलो, बनियन बदलले, पुष्कळ संघ आमच्या पुढे निघून गेले. माझा जीव खालीवर झाला, पण मी तोंड बंद ठेवलं.

सांगानेरच्या पुढच्या वळणावर कोट्टायम माझ्या शेजारी आला आणि त्यानं ठरल्याप्रमाणे हिंदीत विचारलं, ‘‘सांगली, तुझ्या शाळेत तुझं हाउस कोणतं होतं?’’

मला काय वाटलं कोण जाणे, मी गमतीनं मराठीत उत्तर दिलं, ‘‘अरे बाबा, किती वेळा सांगू तुला?’’

त्यानं करकचून ब्रेक दाबला. ‘‘सब रुको!’’ झुंझुनू आणि चौमूं पुढे गेले होते, तेही थांबले. कोट्टायम माझ्या सायकलचं हँडल धरून माझे डोळे, ओठ, बोटं तपासू लागला. मी शपथेवर सांगितलं की मी ठीक आहे, हिंदीत दहापासून उलटे आकडे म्हणून दाखवले, मग हाउसचं नाव सांगितलं. तोवर आणखी एक संघ पुढे गेला. पूर्ण खात्री झाल्यावर त्यानं हँडल सोडलं आणि मल्याळममध्ये मला काहीतरी सुनावलं. शब्द समजले नाहीत. आमचे हाउस कॅप्टन डोंगराच्या वळणावर बोलले होते त्यातलंच काहीतरी असावं.

आम्ही सातवे आलो. चौघांनी रेषा एकदम ओलांडली, त्यामुळे शेवटचा कोण हे पंचांना ठरवता आलं नाही. त्यांनी एकच वेळ लिहिली.